तलाव मोकळा करायचा दिवस

पहिला हात मी उचलला. गावात आज कोणालाही विचारा, भांडण कसं सुरू झालं याच्या दहा गोष्टी ऐकायला मिळतील. कोणी सांगेल पाण्यावरून, कोणी सांगेल चोरीवरून, कोणी म्हणेल मोबाईलवर कोणीतरी शिवी लिहिली त्यावरून. सगळं खोटं. वैशाखातल्या एका सकाळी तलावाच्या पाळीवर टोपली घेऊन आलेल्या, माझ्या आईच्या वयाच्या एका बाईच्या मी तोंडात मारली. तिथून सुरू झालं. तिच्या कानातलं फूल तुटून मातीत पडलं. ती खाली वाकून ते शोधत होती आणि मी वरून ओरडत होते की उचल टोपली आणि नीघ.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि आमच्या मच्छीमार संस्थेची नवी सचिव. आम्ही ढिवर. सडक अर्जुनी तालुक्यातल्या आमच्या गावचा जुना मालगुजारी तलाव संस्थेकडे आहे. पावसाळ्यात आम्ही त्यात बोटुकली सोडतो, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जाळं टाकतो. पण तलावातली मासोळी आमची असली तरी पाणी खालच्या शेतकऱ्यांचं. त्यांचं धान त्याच पाण्यावर पिकतं. पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटात पाणी सोडायचं एक तोंड आहे, त्याला आमच्याकडं तुडूम म्हणतात. तुडूम उघडणं-बंद करणं शेतकऱ्यांच्या हातात, जाळं आमच्या हातात. एका तलावाचे दोन मालक, आणि हे कागदावर कुठंच धड लिहिलेलं नाही.

आणि एक रीत होती. वैशाखात पाणी खाली गेलं की आमची जाळी तीनदा फिरायची. तिसऱ्यांदा जाळं बाहेर आलं की संस्थेचा अध्यक्ष पाळीवर उभा राहून पत्र्याचा पिंपा काठीनं वाजवायचा आणि तलाव मोकळा व्हायचा. मग सगळं गाव पाण्यात. टोपल्या, सुपडी, फाटक्या मच्छरदाण्या, नुसते हात. ज्याला जे मिळालं ते त्याचं. दुपारपर्यंत चिखलानं माखलेली म्हातारीकोतारी हसत घरी जायची आणि सगळ्या गावात एकच वास.

मी सचिव व्हायच्या आधी पाच वर्षं गोंदियाला एका तांदळाच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात होते. तिथं मी एकच गोष्ट शिकले. शेठ दिवसातून दहा वेळा ओरडायचा, "पहले छेद बंद करो." माल कुठून गळतो ते शोधा आणि बुजवा, बाकी सगळं आपोआप होतं. गावात आले, पहिल्याच मीटिंगमध्ये मला तो मोकळा दिवस दिसला. एवढं मोठं भोक! मी म्हटलं, वर्षभर आम्ही बीज टाकायचं, आम्ही राखायचं, आणि एक दिवस फुकटात गावाला लुटू द्यायचं, कोणती कंपनी असं करते? सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचे अध्यक्ष म्हातारे, ते एवढंच म्हणाले, "पोरी, लोकं चिडतीन." मी म्हटलं, चिडू द्या.

माझा भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्याला माझ्या शिक्षणाचा फार अभिमान. मला तो बाई म्हणतो, आमच्याकडं मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. मीटिंगमध्ये तो उठून म्हणाला, "बाई म्हणते तं बरोबरच असंन." आणि त्या वैशाखात, मी त्या काकीच्या तोंडात मारली तेव्हा तो माझ्या मागं डोंगा वल्हवायचा बांबू घेऊन उभा होता. गर्दीतला एकही माणूस पुढं आला नाही. मला वाटलं, जिंकलो.

पहिलं वर्ष झकास गेलं. जी मासोळी गावानं नेली असती ती बाजारात गेली. संस्थेनं मला शाल आणि नारळ दिला. मी भाषण केलं. ते भाषण आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मग दिवाळी आली. धानाला शेवटचं पाणी द्यायची वेळ. तलावात एक काळा दगड आहे, पाण्याची पातळी त्याच्या माथ्याला लागली की शेतकरी दरवर्षी तुडूम बंद करायचे. कोणी सांगितलेलं नव्हतं, तसं ठरलेलंही नव्हतं. त्या वर्षी दगड उघडा पडला तरी पाणी चालूच राहिलं. मी पाऊस कमी झाला असं म्हटलं. उन्हाळा लागला तसं उरलेल्या थोड्या पाण्यात मासोळी एकमेकीवर चढली, काही मेली, आणि जी जगली ती चोरायला सोपी झाली. भर दुपारी, आमची माणसं जेवायला गेली की बाजूच्या गावची माणसं येऊन जाळं टाकून जायची. घाटावर बायका धुणं धूत असायच्या. पूर्वी परका माणूस पाण्यात उतरला की ह्याच बायका गाव गोळा करायच्या. आता त्या पाठ करून कपडे आपटत बसल्या.

मी राखणदार नेमले. भावाला त्यांचा म्होरक्या केलं.

पहिला चोर ऐन दुपारी सापडला. पाळीवरच्या मोहाच्या झाडाला बांधला. ओल्या नायलॉनच्या दोरानं मारला. दोर ओला असला की कातडी सोलून निघते. मी तिथं होते. मी फक्त बघत नव्हते, मीही लाथ घातली. माझ्या चपलेचा पट्टा तुटला आणि त्याचा मला आणखी राग आला म्हणून दुसरी घातली. तो माणूस ओरडत नव्हता. तो प्रत्येक फटक्याला फक्त "हो, हो" म्हणत होता, जसं काही आम्ही त्याला काही विचारत होतो.

आठ दिवसांनी सकाळी तलाव पांढरा दिसला. ब्लिचिंग पावडरची पोती कोणीतरी पाण्यात रिकामी केली होती. पोटं वर करून रोहू, कतला, मरळ, सगळं काठाला लागलं. बायका रडत होत्या. आम्ही राखणदार दुप्पट केले. मग बाजारातून सायकलनं येणाऱ्या आमच्या एका माणसाला रस्त्यात अडवून साखळीनं मारलं, तीन बरगड्या गेल्या. आम्ही बाजूच्या गावच्या दोघांना धरून एकाचे दोन्ही अंगठे दगडानं ठेचले, जाळं ओढता येऊ नये म्हणून. हे कोणी सुचवलं? मी. भावानं केलं, सुचवलं मी.

पावसाळ्यात आम्ही पुन्हा बोटुकली सोडली. एवढ्या राखणीला माणसं लागायची. ती संस्थेचीच. जो माणूस राखणीला तो जाळ्याला नाही, म्हणून जाळं उशिरा पडायला लागलं, म्हणून मासोळी जास्त दिवस पाण्यात राहायची, मोठी व्हायची, आणि चोराला मोठी मासोळी जास्तच आवडते. मग आणखी राखणदार. हे तेव्हा मला एवढं सरळ दिसत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की मी जेवढं घट्ट आवळते तेवढं ते जास्त सुटतं, आणि मी म्हणायचे, आवळणंच कमी पडून राहिलं.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी गोंदियाला सहकारी संस्थांच्या सचिवांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. पुण्याहून एक सर आले होते, मोठ्या मोठ्या कंपन्यांना धंद्याचं धोरण कसं बदलायचं ते शिकवणारे. मला पहिल्या तासालाच त्यांचा राग आला. इस्त्रीचा शर्ट, हातात स्केचपेन, आणि फळ्यावर नुसते गोल आणि बाण. सिस्टिम म्हणजे काय, लूप म्हणजे काय. ते म्हणाले, तुमच्या संस्थेतलं सगळ्यात मोठं दुखणं मधोमध लिहा. मग त्याच्याकडे कुठून बाण येतात ते काढा, आणि त्याच्यातून बाण कुठं जातात ते काढा. आणि बाण फिरून परत आला तर थांबू नका, तिथंच खरी गोष्ट आहे. मी "चोरी" लिहिलं आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसले. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "सर, तुम्हाला कधी कोणी मारलं आहे का?" ते गोंधळले. म्हणाले नाही. मी म्हटलं, मग ठीक आहे.

पण जाता जाता ते एक बोलले ते माझ्या डोक्यात घुसलं. ते म्हणाले, "तुमच्या कामात एखादी गोष्ट तुम्हाला वाया जाताना दिसते, ती काढून टाकायच्या आधी बघा, तिच्यावर काय काय उभं आहे. आणि काढलीत तर पुढच्या महिन्यात बघू नका. दोन वर्षांनी बघा."

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी संस्थेच्या खोलीत एकटी होते. खडू घेतला आणि फरशीवर काढायला बसले. मधे चोरी. चोरीकडे बाण, पाणी कमी. पाणी कमी कशानं? तुडूम बंद होत नाही. पूर्वी काऊन बंद व्हायचं? शेतकरी दगडापाशी तुडूम बंद करायचे, कारण दगडाखालच्या पाण्यात वैशाखापर्यंत मासोळी जगायची आणि वैशाखात ती त्यांची असायची. घाटावरच्या बायका ओरडायच्या, कारण चोर त्यांच्या टोपलीतलं नेत होता. सगळं गाव आमचा राखणदार होतं, बिनपगारी, बाराही महिने, आणि त्याची मजुरी एक दिवस. तीच मी बंद केली. मग दुसरी बाजू काढली. राखणदार, मार, सूड, आणखी राखणदार. सगळे बाण फिरून फिरून आले आणि सगळ्यांचं मूळ एकाच जागी लागलं, एका वैशाखात, माझ्या हातात.

दारात भाऊ उभा होता, कपाळावर पट्टी बांधलेली.

"काय काढून राहिली, बाई?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि बादलीतला ओला फडका घेऊन सगळं पुसलं. त्यानं मला फरशी पुसायला मदत केली.

मी कोणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं याची मी स्वतःला खूप कारणं दिली. बाईमाणसाला सचिव केलं म्हणून आधीच लोक टपून होते. संस्था फुटेल. भावानं एवढा मार खाल्ला, दिला, त्याला काय सांगू? यातलं एकही खरं कारण नाही. खरं कारण एवढंच की माझं चुकलं होतं आणि मला ते तोंडानं म्हणायचं नव्हतं. मी ठरवलं, पुढच्या वर्षी हळूच काहीतरी दुसरं कारण काढून मोकळा दिवस परत आणू. तोवर चालू द्या जसं चाललं आहे. आणि ते चालूच राहिलं, राखणदार, दोर, साखळ्या, सगळं, आणि दर सकाळी भाऊ मला विचारायचा, आज कोठी जावाचं बाई, आणि मी सांगायचे.

दसऱ्यानंतर तुडुमावर ते झालं. सकाळी दहाच्या सुमाराला दहाबारा शेतकरी तुडूम उघडायला फावडी घेऊन आले. दगड केव्हाच उघडा पडला होता. भाऊ तुडुमावर आडवा पडला. म्हणाला, माझ्यावरून पाणी न्या. शेतकरी खरं तर चांगलं बोलत होते, एकानं तर त्याला हात देऊन उठवायला बघितलं. तेवढ्यात गर्दीतून एक जण पुढं आला. ज्या काकीला मी मारलं तिचा मोठा मुलगा. त्यानं फावडं आडवं धरलं आणि भावाच्या तोंडावर घातलं.

मी पोहोचले तेव्हा भाऊ पाळीवर बसून होता आणि डाव्या डोळ्याच्या जागी काय होतं ते मी लिहिणार नाही. गोंदियाहून नागपूरला नेलं. डोळा काढावा लागला. पोलीस आले, त्यांनी विचारलं कोणी मारलं. भाऊ म्हणाला, "मले दिसलं नाही." हमालासारखी अंगं असलेली आमची माणसं खाटेभोवती उभी राहून रडत होती आणि हा शांत. पोलीस गेल्यावर तो माझ्याकडं वळला.

"दिसलं मले. पण तो तुरुंगात जावाचा नाही. तो माह्या हातानं जावाचा."

मी म्हटलं, असं बोलू नको. तो म्हणाला, "तूच तं म्हणत होती, सोडायचं नाही कोणाले."

त्या दिवसापासून माझ्यासमोर एकच गोष्ट होती. भाऊ कधी ना कधी त्या माणसाला मारणार, आणि मारलं की माझा भाऊही संपला. चोरी, मासोळी, संस्था, सगळं गेलं चुलीत. तो रोज जेवताना एक डोळा माझ्यावर रोखून बसायचा आणि मला वाटायचं, आत्ता सांगावं. होळीपासून माहीत होतं रे मला. तू तुडुमावर पडलास त्याच्या आठ महिने आधीपासून. मग मी त्याला आणखी भात वाढायचे.

माघात मी सभा बोलावली. अर्धं सांगितलं. खडूनं फळ्यावर सगळं काढलं, दगड, तुडूम, घाटावरच्या बायका, राखणदार, आणि म्हटलं, मोकळा दिवस बंद केला ही चूक झाली, तो परत सुरू करू. राखण बंद करू. पाण्याच्या कमिटीत शेतकऱ्यांची दोन माणसं आणि घाटावरच्या दोन बायका घेऊ. दगडाच्या माथ्याला तुडूम बंद, हे आता लिहून ठेवू. एक जण ओरडला, "येवढ्या लोकाईचं रगत सांडलं तवा कोठी होतं तुह्यं हे गणित?" मी म्हटलं, "आत्ता कळलं." खोटं बोलले. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. हळूहळू सगळे वर गेले. भाऊ शेवटी. त्यानं हात वर केला आणि माझ्याकडं बघून हसला, तेव्हा मला बरं वाटलं. मला वाटलं, चित्र दुरुस्त झालं की त्यातली माणसंही दुरुस्त होतात.

शेतकऱ्यांकडे मी स्वतः गेले. घराघरात. त्या काकीच्या अंगणातही गेले. तिनं मला बस म्हटलं नाही.

"कायले आलीस? मारायले?"

"नाही काकी. वैशाखात मासोळी न्यायला या, एवढं सांगायले."

ती सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "तू मारलं ते मी कवाच सोडलं. मले एक सांग. माह्या पोराले आणू का नोको आणू?"

आईला कळतं. तिला माहीत होतं कोण टपून आहे, आणि मला माहीत होतं की तिला माहीत आहे. मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण तो आला नाही तर त्याच्या भावकीतलं कोणी येणार नाही, ते आले नाहीत तर खालची सगळी शेतं येणार नाहीत, आणि मग दगडाचं सगळं लटकलं. मी म्हटलं, "आणा. मी आहो ना."

वैशाख आला. दिवाळीत शेतकऱ्यांनी तुडूम उघडंच ठेवलं होतं, पण माघातल्या त्या सभेनंतर बंद केलं, आणि उरलं होतं त्यातलं पाणी कोणी नेलं नाही. कमरेएवढं पाणी होतं. सकाळी आमची जाळी तीनदा फिरली. पाळीवर इतकी माणसं की तीन वर्षांत मी गावात इतके लोक एका जागी पाहिले नव्हते. अध्यक्षांनी पिंपा वाजवला आणि सगळं गाव पाण्यात धावलं. पाणी लगेच चिखल झालं. म्हाताऱ्या बायका लुगडी खोचून उतरल्या, एकजण मरळ धरून पडली आणि सगळे हसले. बाजूच्या गावचा, अंगठे ठेचलेला तो माणूसही आला होता. तो दोन्ही तळहातांनी मासा दाबून काठाकडं ढकलत होता. मी पाळीवर उभी राहून रडत होते आणि मला वाटत होतं, झालं, सुटलं.

मग मला भाऊ दिसला. तो तुडुमाच्या बाजूनं पाण्यात उतरला. हातात टोपली नव्हती.

काकीचा मुलगा वाकून दोन्ही हात चिखलात घालून मासा चाचपत होता. भावानं मागून त्याची मान धरली आणि खाली दाबली. आधी आजूबाजूच्यांना वाटलं, मस्करी. त्या दिवशी सगळे एकमेकांना पाण्यात पाडतच होते. मग त्याचे हात पाण्यावर आपटायला लागले. भावानं गुडघा त्याच्या पाठीवर रोवला. कोणीतरी ओरडलं. चारपाच जण धावले, भावाला ओढायला लागले, पण भाऊ आयुष्यभर जाळं ओढत आला आहे, त्याची पकड सुटेना. काठावरून काकी ओरडली नाही. ती फक्त माझ्याकडं बघत होती.

मी पाण्यात कशी गेले आठवत नाही. मी भावाच्या डाव्या बाजूला गेले, मग लक्षात आलं, तिकडून मी त्याला दिसतच नाही. फिरून उजवीकडं गेले. त्याचा हात धरला नाही. धरून काही झालं नसतं.

मी म्हटलं, "मला माहीत होतं."

त्यानं बघितलं नाही.

"होळीच्या आधीच माहीत होतं. त्या दिवशी फरशीवर तेच काढलं होतं मी. सगळं माझ्यामुळं होऊन राहिलं हे कळलं होतं मला. मी पुसलं. तू मदत केली पुसायला. तुझा डोळा जायच्या आठ महिने आधी. दाबायचं असेल तर मला दाब."

पाण्यावर आपटणारे हात मंदावत होते. भावानं मान वळवली, त्याचा तो एक डोळा माझ्यावर आला, आणि मी बघितलं की त्याची बोटं सुटत आहेत. त्यानं सोडली नाहीत, ती आपोआप सुटली. लोकांनी त्या माणसाला खेचून वर काढलं. तो चिखल ओकत होता, त्याच्या नाकातून रक्त येत होतं. पण ओकत होता, म्हणजे जिवंत होता.

भाऊ माझ्यासमोर उभा राहिला. सगळं गाव कमरेएवढ्या पाण्यात थांबलं होतं.

"किती म्हणालीस?"

"आठ महिने."

"रोज सकाळी तुले विचारून जात होतो मी."

"हो."

"आन तू सांगत होती."

"हो."

त्यानं हात उचलला. मी तोंड पुढं केलं. खरंच सांगते, मी देवाला मागितलं की भावानं मारावं, असं मारावं की दात पडावेत, कान फुटावा, माझंही काहीतरी कायमचं जावं. त्यानं हात तसाच ठेवला, मग खाली घेतला. पाण्यानं तोंडावरचा चिखल धुतला, पाळ चढला आणि गेला. घरी गेला नाही.

त्या वैशाखाला आता चौथं वर्ष आहे. चोरी नाही. राखणदार नाही. दिवाळीला दगडाच्या माथ्यावर पाणी थांबतं आणि तुडूम बंद करायला काकीचा तोच मुलगा पहिला जातो. दुसऱ्या तालुक्यांतल्या संस्था मला बोलावतात, मी खडू घेऊन त्यांना बाण काढून दाखवते, आणि फुकटचा दिवस म्हणजे गळती नसते हे सांगताना माझा आवाज चढतो. टाळ्या वाजतात. आठ महिन्यांचं मी प्रत्येक ठिकाणी सांगते. ते ऐकून कोणी टाळ्या वाजवत नाही.

भाऊ कोहमाऱ्याला हायवेवरच्या एका ढाब्यावर आहे. गेल्या महिन्यात मी गेले. दुपारची वेळ, ट्रकवाल्यांची गर्दी. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. तो आला, टेबल पुसलं, पाण्याचा ग्लास ठेवला आणि विचारलं, "काय आणू?" जसं तो सगळ्यांना विचारतो, तसंच. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यानं पुन्हा विचारलं. मी वरणभात सांगितला. त्यानं आणून ठेवला आणि दुसऱ्या टेबलाकडं गेला.

मी सगळा भात संपवला आणि परत आले.